आवाच्या तुरुंगाबाहेरची अ‍ॅन: जडसन नवरा-बायकोची ब्रह्मदेशातली वर्षं

पैलतीर

नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं कधीपासून मनात होतं, आज रविवार आहे, घरात कोणी नाही, तर बसलेच लिहायला. लांबलं तर सांभाळून घ्या.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तीन वर्षं यांगूनला (जुनं रंगून) होतो. बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एक कारेन बाई (कारेन म्हणजे तिकडची एक डोंगरी जमात) राहायच्या, शाळेत शिकवायच्या, त्यांच्याकडे मी बर्मी शिकायला जायचे. त्यांच्या टेबलावर दोन जाडजूड पुस्तकं कायम असायची, एक बायबल आणि एक बर्मी-इंग्लिश डिक्शनरी, आणि दोन्हींवर नाव एकाच माणसाचं, जडसन. मी विचारलं हे कोण, तर त्या म्हणाल्या आधी त्याच्या बायकोचं ऐक, मग त्याचं सांगते. त्या दिवशी शिकवणी राहिलीच बाजूला. नंतर मी स्वतः बरंच वाचलं आणि अजून त्या बाईतून बाहेर आले नाहीये.

अ‍ॅडोनिरॅम जडसन आणि अ‍ॅन हॅसल्टाइन, दोघं अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचे, पुढे ख्रिस्ती मिशनरी म्हणून ब्रह्मदेशात गेले. १८१० मध्ये ओळख झाली तेव्हा तो २१ चा, ती २० ची. त्यानं तिच्या वडिलांना पत्र लिहून मागणी घातली. काय लिहिलं, तर तुमच्या मुलीला या जगात परत बघायला मिळणार नाही, समुद्राचे धोके, तिकडची मारक हवा, हाल, अपमान, छळ, कदाचित हाल-हाल होऊन मरण, हे सगळं तिच्या वाट्याला येईल हे मान्य करून तुम्ही ती मला द्याल का. आपल्याकडे स्थळ सांगताना घर, नोकरी, बागायत किती ते सांगतात, आणि हा मुलगा मरणाची यादी पाठवतो. आईवडिलांनी निर्णय तिच्यावरच सोडला आणि तिनं हो म्हटलं. त्याच्या प्रेमात होती म्हणून की स्वतःलाच जायचं होतं म्हणून? तिची पत्रं वाचून मला तरी वाटतं दोन्ही. ती आधीपासून शिक्षिका होती, धर्माच्या बाबतीत तिची स्वतःची ओढ होती, कोणाच्या मागे फरफटत गेलेली ती नव्हती.

५ फेब्रुवारी १८१२ ला लग्न, दुसऱ्या दिवशी सेलमच्या चर्चमध्ये त्याची पाद्रीपदाची दीक्षा, आणि १९ तारखेला जहाज सुटलं. जूनमध्ये कलकत्ता. तिथे ईस्ट इंडिया कंपनीनं राहू दिलं नाही, निघा म्हणून हुकूम काढला. त्यात वाटेत अभ्यास करता करता यांचं बाप्तिस्म्याबद्दलचं मत बदललं, कलकत्त्यात दोघांनी बॅप्टिस्ट पद्धतीनं बुडून बाप्तिस्मा घेतला, म्हणजे ज्या संस्थेनं पाठवलं तिच्याशी संबंध संपला आणि पैसाही थांबला. मॉरिशस, मग मद्रास, आणि तिथून मिळेल ते जहाज पकडून जुलै १८१३ मध्ये रंगून. त्या शेवटच्या प्रवासात अ‍ॅन बाळंत झाली, बाळ मेलेलंच जन्मलं, आणि जहाजावर डॉक्टर नव्हता.

रंगूनमध्ये भाषा शिकायची तर ना हाताशी धड डिक्शनरी ना व्याकरण. ताडपत्रावर गोल गोल अक्षरं, ओळ सलग, शब्द कुठे संपला ते कळायला जागाच सोडलेली नाही. तो पंडिताबरोबर रोज बारा-बारा तास बसायचा. ती घर चालवायची, बाजार, नोकर, शेजारणी, सगळ्यांशी तिलाच बोलावं लागायचं, त्यामुळे बोलण्यात ती लवकर पुढे गेली, व्याकरण त्याचं पक्कं. हे मला फार ओळखीचं वाटलं, माझा नवरा क्लास लावून शिकत होता आणि मी भाजीवालीकडून, घासाघीस मला आधी जमली. तिनं तर रंगूनमधल्या सयामी लोकांसाठी थाई भाषाही शिकली आणि मत्तयाचं शुभवर्तमान थाईत उतरवलं.

१८१५ मध्ये मुलगा झाला, रॉजर, आठ महिन्यांचा होऊन तापात गेला. आणि काम? पहिली सहा वर्षं एकही माणूस ख्रिस्ती झाला नाही. रस्त्याच्या कडेला धर्मशाळेसारखी बांबूची मांडव-पडवी असते तिकडे, झयात म्हणतात, येणारा-जाणारा टेकतो, गप्पा होतात, तशी एक यांनी बांधली आणि तो तिथे बसून येणाऱ्याला हाक मारायचा. पहिला माणूस, मौंग नाऊ, जून १८१९ मध्ये.

आता मुख्य गोष्ट. १८२४ मध्ये इंग्रज आणि आवाचा राजा बाज्यिडॉ यांच्यात लढाई पेटली तेव्हा हे दोघं राजधानीत, आवालाच होते. ८ जूनला हे जेवायला बसणार इतक्यात अधिकारी आला, बरोबर गालावर गोंदलेला एक माणूस, म्हणजे तुरुंगाचा मारेकरी. त्यानं जडसनला जमिनीवर पाडून दंडाला दोरी आवळली. अमेरिकन असो की इंग्रज, त्यांच्या लेखी गोरा तो हेर. तुरुंगाचं नाव लेत-मा-यून, अर्थ साधारण ‘हात आखडू नकोस’. पायात बेड्यांच्या तीन जोड्या, रात्री सगळ्या कैद्यांच्या पायांमधून एक बांबू घालून वर ओढायचे, खांदे तेवढे जमिनीला टेकलेले. तुरुंगात जेवण द्यायची पद्धत नव्हती. घरचं कोणी आणलं तर खायचं, नाहीतर मरायचं.

आणणारी ही. त्या रात्री तिनं आधी सगळी पत्रं, डायऱ्या नष्ट केल्या, कारण त्यात इकडच्या बातम्या होत्या आणि त्या सापडल्या तर नवऱ्याचा जीव गेला असता. मग रोज सुरू झालं, दोन मैल चालत जायचं, दारावर लाच द्यायची, कधी भेटू द्यायचे कधी हाकलायचे, शहराच्या अधिकाऱ्याच्या दारात बसून अर्ज, राणीच्या नातलगांकडे अर्ज, रात्री नऊ वाजता अंधारात परत घरी. पोटात बाळ होतं. जानेवारी १८२५ मध्ये मुलगी झाली, मारिया, आणि वीस दिवसांची मुलगी घेऊन ही परत तुरुंगाच्या दारात उभी.

एकदा तिला वाटलं याला घरचं काहीतरी खाऊ घालावं. त्यांच्याकडे सणाला खिम्याचा गोडसर ‘पाय’ (pie, सारण भरून भाजलेला पदार्थ) करतात, तर तिनं म्हशीचं मांस आणि केळी घालून तसं काहीतरी जमवलं आणि मौंग इंग नावाच्या त्यांच्या माणसाबरोबर पाठवलं. ते बघून जडसनला घास उतरला नाही, गुडघ्यात डोकं घालून रडला तो.

आणि ती उशी. बायबलच्या नव्या कराराचं बर्मी भाषांतर हस्तलिखितात होतं, तिनं ते घराखाली पुरलं होतं. पावसाळा आला, कागद कुजणार, मग तिनं ते कापसात गुंडाळून एक कडक, ओबडधोबड उशी शिवली, कुणालाही चोरावीशी वाटणार नाही अशी, आणि ती नवऱ्याला तुरुंगात डोक्याखाली दिली. पुढे कैद्यांना हलवलं तेव्हा पहारेकऱ्यानं वरची चटई काढून घेतली आणि आतलं गाठोडं फेकून दिलं. मौंग इंगनं ते मालकाची आठवण म्हणून उचलून ठेवलं, आत काय आहे त्याला माहीतच नव्हतं. काही महिन्यांनी उसवलं तर पानं शाबूत.

हलवलं ते मे महिन्यात, भर दुपारी, अनवाणी, औंगबिनले नावाच्या गावापर्यंत. तापलेल्या वाळूत तळपायाची कातडी निघाली, एका बंगाली नोकरानं स्वतःचं पागोटं फाडून जडसनच्या पायाला बांधलं. अ‍ॅन तान्ह्या मुलीला आणि सांभाळायला घेतलेल्या दोन बर्मी पोरींना घेऊन मागोमाग. तिथे राहायला मिळाली तुरुंगरक्षकाच्या घरातली धान्याची खोली, अर्धी धान्यानं भरलेली. त्या खोलीत आधी एका पोरीला देवी आल्या, मग बाळाला, मग ही स्वतः आजारी पडून अंगावरचं दूध आटलं. तेव्हा तिनं पहारेकऱ्यांना पैसे देऊन नवऱ्याला रोज थोडा वेळ बाहेर सोडवलं, आणि तो बेड्या घातलेल्या पायांनी बाळ कडेवर घेऊन गावातल्या घरोघरी जायचा, अंगावर पाजणाऱ्या बायकांकडे मुलीसाठी दूध मागत. ही एकच गोष्ट मी माझ्या आईला फोनवर सांगितली आणि पुढे बोलता येईना.

इंग्रज जवळ आल्यावर राजाला दुभाषा हवा झाला म्हणून तो सुटला. २४ फेब्रुवारी १८२६ ला यांदाबोचा तह झाला. मग हे दोघं अ‍ॅम्हर्स्टला, आताचं क्याइक्खामी, नव्यानं संसार मांडायला गेले. त्याला इंग्रजांच्या दूताबरोबर परत आवाला जावं लागलं आणि मागे २४ ऑक्टोबरला ती तापात गेली. ३६ वर्षांची. त्याला काळ्या लाखेचं पत्र मिळालं, देणारा म्हणाला तुमचं बाळ गेलं हो, वाईट झालं. यानं खोलीत जाऊन पत्र उघडलं तर बायको गेली होती. बाळ सहा महिन्यांनी गेलं.

तुम्हाला यात काय दिसतं ते वाचायचंय. मला तरी पुस्तकावर एकच नाव आहे याचा त्रास होतो.

मुळा_प्रवरा

ताई, धाग्याबद्दल मनापासून थँक्स. आम्ही नगरचे ख्रिस्ती, पाचवी पिढी, त्यामुळे मला यात घरचंच काही दिसतं. ६ फेब्रुवारी १८१२ ला सेलमला दीक्षा मिळाली ती पाच जणांना: जडसन, नॉट, न्यूवेल, हॉल आणि राइस. त्यातले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, बरोबर नॉटची बायको रोक्साना, ही मंडळी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरली, आणि तेच आमचं अमेरिकन मराठी मिशन. म्हणजे एकाच बाकावर बसलेल्या पोरांपैकी एक बर्मी शिकला आणि दुसरे मराठी.

जडसनच्या जहाजावर दुसरं जोडपं होतं ना, ते सॅम्युएल आणि हॅरिएट न्यूवेल. हॅरिएट आणि अ‍ॅन मैत्रिणी. हॅरिएटचं बाळ समुद्रावरच गेलं आणि ती स्वतः नोव्हेंबर १८१२ मध्ये मॉरिशसला गेली. १९ वर्षांची होती हो. काम सुरूही झालं नव्हतं. सॅम्युएल एकटाच फिरत फिरत शेवटी मुंबईला आला आणि १८२१ मध्ये इथेच वारला. नॉट नवरा-बायकोला तब्येतीपायी १८१५ लाच परत जावं लागलं. राहिला हॉल, त्याची बायको मुलांना घेऊन अमेरिकेला गेलेली, हा नाशिककडे दौऱ्यावर असताना मार्च १८२६ मध्ये पटकीनं गेला. अ‍ॅन गेली ते हेच साल, आणि याच साली मिशनचा मराठी नवा करार छापून पुरा झाला. आमच्या आजीच्या पेटीत जुन्या छपाईचा एक नवा करार होता, कडा वाळवीनं खाल्लेल्या, ती त्याला ‘शास्त्र’ म्हणायची आणि हात धुतल्याशिवाय उघडू द्यायची नाही.

नावाचं म्हणाल तर आमच्याकडेही तेच, जुन्या अहवालांत बायका नुसत्या ‘मिसेस अमुक’. म्हणून आम्हाला सिंथिया फरार बाईंचं कौतुक जास्त, त्या अविवाहित आल्या, १८२७ मध्ये, त्यामुळे त्यांचं नाव त्यांचंच राहिलं. त्यांची नगरची शाळा बघूनच जोतीरावांच्या मनात मुलींच्या शाळेचं आलं.

पेठेतला

लेखन उत्तम, डोळ्यांत पाणी आलं हे कबूल करतो. पण एक बाजू मांडतो, कोणी रागावू नका. ही माणसं गेली कशाला? तिथल्या लोकांचा धर्म खोटा आहे हे आधीच ठरवून. यांच्या पत्रांत तिकडची माणसं म्हणजे अंधारात चाचपडणारे. अडीच हजार वर्षांचा बुद्धाचा विचार असलेल्या देशाला अंधार म्हणायचं? आपल्याकडेही तेच, मोरभट दांडेकर मुंबईत मिशनरी डॉ. विल्सन यांच्याशी वाद घालायला उभे राहिले १८३१ मध्ये, आणि १८५७ ला विष्णुबुवा ब्रह्मचारी चौपाटीवर मिशनऱ्यांना उत्तरं देत होते ते काही हौस म्हणून नव्हे. सोसलं त्यांनी, मान्य. पण सोसणं मोठं असलं म्हणून हेतू बरोबर होता असं होत नाही.

आणि राजाला हेर वाटले यात राजाचं तरी काय चुकलं? यांचा पैसा बंगालमार्गे यायचा, इंग्रज व्यापाऱ्याच्या हुंडीवर मिळायचा. युद्धाच्या वेळी कुठल्याही राज्याला संशय येईलच.

पैलतीर

@पेठेतला, रागावण्यासारखं काहीच नाही, पैशाचं तर तुम्ही अगदी बरोबर पकडलंत. त्या व्यापाऱ्याच्या हिशेबात जडसनला दिलेली रक्कम सापडली आणि त्यावरूनच अटक झाली. पण दुसरीकडे हेही बघा की लढाईनंतर इंग्रजांनी त्याला दुभाष्याची पगारी नोकरी देऊ केली ती त्यानं घेतली नाही, आणि त्या आवाच्या दौऱ्याचे जे पैसे मिळाले ते मिशनला देऊन टाकले.

अंधार वगैरे भाषा मलाही बोचते. ती भाषा त्या काळच्या त्यांच्या सगळ्या लिखाणात आहे, ती लपवून मी गोष्ट सांगणार नाही.

निळी_पहाट

मी बौद्ध, नागपूरची. हा धागा दोनदा वाचला कारण पहिल्यांदा मला राग आला होता.

राग असा की सहा वर्षं एकही माणूस आला नाही हे दुःख म्हणून सांगितलं जातं. मला ते वाचून बरं वाटलं. त्या लोकांना काही कमी नव्हती, गावोगावी विहार, पोरं भिक्खूंकडे लिहायला-वाचायला शिकायची. जडसनला भाषा आणि तिच्यातली पाली कळली तीही विहारातच शिकलेल्या पंडितामुळे. बाबासाहेब १९५४ च्या डिसेंबरात जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले ते या देशाकडून काही घ्यायला. आणि मंडालेत जन्मलेले गोयंका गुरुजी तिथून विपश्यना घेऊन आले, इगतपुरीला मी दहा दिवसांचं शिबिर केलंय, तेव्हा ब्रह्मदेशाकडून काय आलं ते माझ्या अनुभवाचं आहे.

पण दुसऱ्यांदा वाचताना त्या दूध पाजणाऱ्या बायकांपाशी थांबले. त्यांच्या राजाचं या गोऱ्यांच्या लोकांशी युद्ध चालू, त्यांची स्वतःची माणसं लढाईत गेलेली असतील, आणि बेड्या घातलेला एक परका माणूस दारात मूल घेऊन उभा, आणि त्या पाजतात. देवी येऊन गेलेलं मूल, विचार करा. ही करुणा त्यांना कुठून आली? त्यांच्याच घरातली होती ती. जडसनचं चरित्र सांगताना हे ठासून सांगायला हवं, एवढंच माझं म्हणणं.

पैलतीर

ताई, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी ते सगळं अ‍ॅनच्या बाजूनंच वाचत राहिले. तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं, त्या बायकांशिवाय मारिया त्या खोलीतच गेली असती.

कोकणकडा

मी रत्नागिरीचा, थिबा पॅलेसच्या जवळच लहानाचा मोठा झालो. ज्या बाज्यिडॉ राजाच्या तुरुंगात जडसन होता त्याच घराण्यातला हा आमचा थिबा राजा, बाज्यिडॉच्या भावाचा नातू. १८२६ च्या तहात इंग्रजांनी एक कोटी रुपये खंडणी घेतली, आराकान आणि तेनासेरिम घेतलं, आणि मग तुकडे पाडत पाडत १८८५ मध्ये सगळंच घेऊन राजाला आमच्याकडे आणून ठेवलं, तो १९१६ ला इथेच वारला. शाळेत असताना आम्ही त्या गॅलरीतून समुद्र बघायचो, राजाही इथूनच बघत असेल असं गुरुजी सांगायचे.

दुसरं, मंडालेचा तुरुंग म्हटलं की मराठी माणसाला दुसरंच कोणीतरी आठवतं. आवा आणि मंडाले अगदी शेजारी. लोकमान्य तिथे १९०८ ते १९१४, शाई नाही, पेन्सिलीनं गीतारहस्य लिहिलं १९१०-११ च्या हिवाळ्यात, सुटल्यावर वह्या सरकारनं ताब्यात ठेवल्या होत्या आणि लोकांना धाकधूक होती की परत मिळतात की नाही. उशीची गोष्ट वाचताना मला त्या वह्याच दिसत होत्या. आणि काळ्या लाखेच्या पत्राचं वाचलं तेव्हा तर, सत्यभामाबाई १९१२ मध्ये पुण्याला गेल्या आणि टिळकांना ते मंडालेत तारेनं कळलं. नवरा तिकडे, बायको इकडे. दोन्ही माणसं वेगळी, कामं वेगळी, पण त्या मातीत हे दोनदा घडलंय.

चिंगळी

एक शंका, तो पुढे एकटाच राहिला का? आणि कारेन लोक यात कुठून आले?

पैलतीर

@चिंगळी, नाही. पहिली दोन-तीन वर्षं फार वाईट गेली, जंगलात झोपडी बांधून एकटा राहायचा, स्वतःसाठी कबर खणून तिच्या काठावर बसायचा. मग हळूहळू भाषांतरात परत शिरला. अख्खं बायबल १८३४ च्या जानेवारीत संपवलं आणि एप्रिलमध्ये सारा बोर्डमनशी लग्न केलं. ही सारा म्हणजे दुसऱ्या मिशनऱ्याची विधवा, नवरा १८३१ मध्ये गेला तरी लहान मुलाला घेऊन कारेन लोकांच्या डोंगरांत काम करत तिथेच राहिली होती. को था ब्यू म्हणून पहिला कारेन ख्रिस्ती, तो आधी जडसनच्या घरात राहत होता, त्याचा बाप्तिस्मा साराच्या पहिल्या नवऱ्याच्या हातून १८२८ मध्ये. बर्मी लोक फारसे ख्रिस्ती झाले नाहीत, कारेन झाले, आणि तेच माझ्या बाईंचे पूर्वज.

साराला आठ मुलं झाली, पाच जगली. १८४५ मध्ये ती इतकी आजारी पडली की तिला घेऊन तो अमेरिकेला निघाला, मोठी तीन मुलं बरोबर आणि धाकटी तीन ब्रह्मदेशातच, मोलमेनला दुसऱ्यांकडे सोडून. सोडलेल्यांतलं एक त्याच वर्षी गेलं. सारा सेंट हेलेना बेटाच्या बंदरात वारली, तिथेच पुरलं. तो ३३ वर्षांनी मायदेशी उतरला तर घसा बसलेला, इंग्लिशची सवय मोडलेली, सभेत हळू आवाजात बोलायचा आणि शेजारचा माणूस मोठ्यानं लोकांना सांगायचा. तिथे एमिली नावाच्या लेखिकेशी लग्न करून परत आला, डिक्शनरीच्या मागे लागला, आणि १८५० मध्ये हवापालटासाठी जहाजावर निघालेला असताना गेला. बंगालच्या उपसागरातच सोडलं त्याला. एमिली मोलमेनला बाळंतपणाच्या उंबरठ्यावर, तिला हे कळायला महिने लागले.

पेठेतला

मुलांना मागे सोडून जाणं हे मला अजिबात पटत नाही. देवाचं काम असलं तरी. त्या तीन पोरांना कोणी विचारलं होतं?

रुखवत

इथे कधी लिहीत नाही, वाचते फक्त, पण हे वाचून राहवलं नाही.

माझी मोठी बहीण आणि भाऊजी मादागास्करला आहेत, अकरावं वर्ष. मिशनच्या दवाखान्यात, ती नर्स, ते डॉक्टर. आम्ही सोलापूरकडचे. लोकांना वाटतं मिशनरी म्हणजे गोरे, तेच इकडे येणार, आमच्या घरातून कोणी तिकडे जाईल हे शेजाऱ्यांना समजावता समजावता आईची दमछाक झाली. पगार म्हणजे इथल्या दोन-चार मंडळ्या (चर्चच्या) मिळून वर्गणी पाठवतात, एखादं वर्ष ती कमी पडते, मग ताईचं पत्र येतं प्रार्थनेसाठी आणि त्यात पैशाचा शब्द नसतो, आपणच ओळखायचं.

अ‍ॅन बाजारात भाषा शिकली ना, ताईचं तेच. भाऊजींनी फ्रेंचचा कोर्स केला, तिला मालागासी आली ती वॉर्डमधल्या आयांकडून. तिकडे तिन्ही त्रिकाळ भात, ती म्हणते तेवढं एक बरं झालं, नाहीतर ज्वारीच्या भाकरीसाठी जीव जातो. आम्ही कुणी येणारं असलं की पीठ आणि शेंगदाण्याची चटणी पाठवतो. पहिल्या वर्षी चटणी मिळाल्यावर तिनं फोन केला आणि नुसतीच रडली, म्हणून तो केळ्याचा ‘पाय’ वाचताना मला जडसन कळला.

पेठेतले दादा, मुलांचं म्हणालात. ताईची मोठी मुलगी बारावीपासून माझ्याकडे आहे, कारण तिथे जवळ शाळा नाही. पोरगी गुणी आहे, बोलत नाही काही, पण व्हिडिओ कॉल संपला की बाथरूममध्ये जाऊन नळ सोडते. मला कळतं. तुमचा प्रश्न मी ताईला विचारलाय, एकदा भांडूनसुद्धा विचारलाय. ती म्हणाली उत्तर नाहीये माझ्याकडे, रोज विचारते मी देवाला. आणि आमचे वडील गेले तेव्हा तिला यायला जमलं नाही, चक्रीवादळानं रस्ते बंद होते, तिनं फोनवरून प्रार्थना ऐकली. वडिलांनीच तिला पाठवलं होतं, निघताना स्टेशनवर म्हणाले होते मागे बघू नको. ते अ‍ॅनच्या वडिलांना आलेल्या पत्राचं वाचलं आणि मला ते स्टेशनच आठवलं.

मुळा_प्रवरा

ताई, तुमच्या बहिणीचं नाव इथे लिहू नका पण आम्ही घरी रोज संध्याकाळी प्रार्थनेत त्यांना आठवू.

पेठेतला

रुखवत ताई, प्रश्न विचारला त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका. मत माझं तेच आहे, पण तुमच्या भाचीला माझा आशीर्वाद सांगा. तिला गणिताचं वगैरे काही अडलं तर मला निरोप करा, मी निवृत्त शिक्षक आहे, वेळ भरपूर असतो.

निळी_पहाट

+१. आणि रुखवत, तुम्ही तिला सांभाळताय तर मला त्या मोलमेनला मुलं सांभाळणाऱ्यांचीही आठवण झाली. जाणाऱ्यांइतकंच मागे राहणाऱ्यांचंही आहे हे.

पैलतीर

रुखवत, तुमची पोस्ट मी घरी मोठ्यानं वाचून दाखवली. नवरा म्हणाला आपण तीन वर्षांत कितीदा परत जाऊया म्हणत होतो.

माझ्या त्या बाईंशी आता सारखं बोलणं होत नाही, तिकडची परिस्थिती सगळ्यांना माहितीये, नेट असतं नसतं. मागच्या महिन्यात मेसेज आला होता, डिक्शनरीची पानं सुटायला लागलीत म्हणून त्यांनी जाड दोऱ्यानं शिवून घेतलीयेत.

रुखवत

काल रात्री ताईला फोनवर हा सगळा धागा वाचून दाखवला. प्रतिसादांसकट. धान्याच्या खोलीपाशी आले तेव्हा ती काहीच बोलली नाही, मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, त्या निळी पहाट बाईंना माझा नमस्कार सांग. आमच्या वॉर्डात अजून असंच होतं, बाळंतीण गेली की शेजारच्या खाटेवरची बाई न सांगता ते बाळ उचलते आणि स्वतःच्या बाळाबरोबर लावते. आधी मी रजिस्टरमध्ये त्या बाळाचं आणि मेलेल्या आईचं नाव लिहायचे. आता पाजणारीचंही लिहीन, रकाना नाहीये पण समासात लिहीन.

मग तिची राउंडची वेळ झाली.